आण्णांचे आकडे

माझ्या ॲपमधल्या म्हाताऱ्याला आण्णांनी पहिल्याच दिवशी चहा विचारला. "पावणे कवाचे उभे हायेत," ते मला म्हणाले, "बसायला तर सांग त्यांला."

मोबाइलच्या पडद्यावर पांढऱ्या टी-शर्टातला एक चष्मेवाला म्हातारा खुर्चीवरून उठून दाखवत होता. तो म्हातारा घडवायला माझे तीन आठवडे गेले होते. त्याला मिशी असावी की नसावी यावरून आमच्या टीममध्ये दोन मीटिंगा झाल्या होत्या. आणि आण्णा मला सांगत होते की त्याला पाणी दे, उन्हातून आलाय बिचारा. मी हसले. हसण्यावारी नेलं, हेच चुकलं. ते काय बोलून राहिलेत हे त्या दिवसापासून नीट ऐकलं असतं, तर पुढचा गोंधळ थोडा तरी कमी झाला असता.

आण्णा म्हणजे माझे वडील. उभी नोकरी रेल्वेत गेली, मुदखेडच्या अलीकडे एका फाटकावर गेटमन म्हणून. रिटायर झाल्यावर मुदखेडलाच दोन खोल्या बांधून राहिले. आई गेली आणि वर्षभरात त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ली, मग वार. एकदा भाजी आणायला गेले ते थेट उमरीत सापडले, पिशवी रिकामी. ओळखीच्या एका पोराने फोन केला म्हणून कळलं. तेव्हा मी त्यांना माझ्याकडे नांदेडला घेऊन आले.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते. मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, दाबल्यावर काय व्हावं, हे ठरवायचं माझं काम. शेजारणींना वाटतं मी दिवसभर मोबाइल खेळते. मीही आता फार समजावत बसत नाही.

डॉक्टरांनी आण्णांना तपासलं, डिमेन्शिया म्हणून सांगितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आठवण परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. पण पाय तुमच्या हातात आहेत." मला आधी कळेचना काय म्हणतायत. मग त्यांनी सांगितलं, की अशी माणसं हळूहळू बसूनच राहतात, उठायचं विसरतात, आणि न उठल्यामुळे पायांतली ताकद जाते. एकदा अंथरुणाला लागले की परत उभं करणं अवघड. म्हणून सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा, खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. बाकी काही नाही झालं तरी चालेल, एवढं चुकवू नका.

एवढंच? मला तर हायसं वाटलं. कारण त्याच महिन्यात आमची कंपनी अशाच माणसांसाठी व्यायामाचं ॲप बनवत होती आणि त्याचे पडदे माझ्याकडे होते. घरातच बाप, हातातच काम. देवानंच जुळवून आणलं असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा. काय ते माझं शहाणपण!

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. मोबाइल स्टँडवर लावायचा, समोर हात असलेली लाकडी खुर्ची, खुर्चीत आण्णा. मोठं हिरवं बटण दाबलं की एका बाईचा गोड आवाज यायचा, "चला, उठू या." म्हातारा उठायचा. आवाज म्हणायचा, "एक." मग "बसू या." असं दहापर्यंत. शेवटी "शाब्बास!" आणि पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस. हा पाऊस सगळ्यांना फार आवडला होता पुण्यात. आण्णांनी तो बघितला आणि उपरण्याने पडदा पुसायला लागले. "केवढा कचरा केला बघ," म्हणाले.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. आण्णा उठायचे. अगदी बरोबर उठायचे, हात टेकून, पाठ सरळ ठेवून. आवाज म्हणायचा "एक", आणि आण्णा मोठ्याने म्हणायचे, "सत्तेचाळीस."

मग ते मोबाइलकडे कान करून थांबायचे. बाई आपली म्हणतेय, "बसू या." आण्णा जागचे हलत नसत. परत म्हणायचे, "सत्तेचाळीस. सत्तेचाळीस बोललो मी." बाई म्हणतेय, "छान! पुन्हा उठू या." आता उभ्या माणसाने पुन्हा काय उठावं? आण्णा चिडायचे. "ऐकून राहिले का न्हाई?" खुर्चीची पाठ धरून उभे राहायचे, पाय थरथरेपर्यंत. शेवटी मी धरून बसवायचे, आणि एकदा बसले की त्या दिवशी काही केल्या उठत नसत. दहा वेळा उठायचं होतं, ते व्हायचं एकदा. संध्याकाळी पुन्हा एकदा. आकडा मात्र दर वेळी नवा. कधी बारा, कधी त्र्याऐंशी, कधी एकोणतीस.

मी भंजाळले. माणूस मोजायला चुकतो ते एकाचं दोन, फार तर पाच. एकाचं त्र्याऐंशी कसं करेल? मी त्यांना विचारलं, "आण्णा, हे त्र्याऐंशी कुठून आलं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मलाच काही कळत नाही. आणि खरंच कळत नव्हतं. पण मी कामाची माणूस, मला कारण लागतं. मी ठरवून टाकलं की ॲप आकडे मोजतं म्हणून त्यांच्या डोक्यात आकड्यांचा घोळ होतो. आकडे काढा, घोळ जाईल.

नुसतं ठरवून थांबले असते तर गोष्ट वेगळी. मी टीमला लांबलचक मेल लिहिली. मोठ्याने मोजल्यामुळे अशा लोकांचा गोंधळ वाढतो, मी रोज डोळ्यांनी बघतेय, मोजणी काढून टाका. माझ्या टीमची मुख्य बाई माझ्यावर फार विश्वास ठेवते. घरात पेशंट असलेली मी एकटीच होते ना! तिने सगळ्यांसाठीच मोजणी काढली. आता ॲपमधली बाई नुसतं म्हणायची, "उठू या. बसू या."

आण्णा उठले आणि म्हणाले, "अठ्ठावन्न."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग एकेक बदलत गेले. गोड बाईचा आवाज काढून माझा घातला, "आण्णा, उठा बरं." म्हातारा काढून तरणा गडी घातला, मग तोही काढून नुसती खुर्ची ठेवली. बटण हिरव्याचं निळं केलं, निळ्याचं परत हिरवं. मागे तबला लावून बघितला. दर वेळी वाटायचं, आता जमणार. दर वेळी आण्णा एकदा उठायचे, आकडा सांगायचे, थांबायचे, चिडायचे. पाच महिने हा खेळ चालला. नवरा म्हणाला, "तू त्यांच्यासाठी ॲप बदलतेस की ॲपसाठी त्यांना?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बरोबर बोलला होता म्हणून जास्तच राग आला.

या पाच महिन्यांत आण्णांचे पाय बारीक झाले. आधी ते न्हाणीपर्यंत एकटे जायचे, आता भिंत धरायला लागले. एका सकाळी उठलेच नाहीत, एकदाही नाही. मी "उठा, आण्णा" म्हणत राहिले आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी त्यांच्यावर ओरडले. माझ्या बापावर, ज्याने मला कधी बोटही लावलं नव्हतं, त्याच्यावर मी भाजीवालीवर ओरडावं तशी ओरडले. ते घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मग मला म्हणाले, "बाई, तुमचं काही चुकलं न्हाई. तुम्ही घरी जा."

बाई. मला बाई म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्याच आठवड्यात दादाने, माझ्या मोठ्या भावाने, लातूरहून फोन केला. तो तिथे शाळेत शिकवतो. म्हणाला, "तू दमलीस. आण्णांना थोडे दिवस इकडे आण." मला ते टोचलं. ॲप मी बनवणार, माझ्या बापाला उठवणार कोण, तर लातूरची माणसं! पण दमले होते हे खरं. गाडी करून मी त्यांना लातूरला सोडलं, खुर्चीसकट. खुर्ची कशाला म्हणून वहिनी हसली. मी तिला ॲप दाखवलं, बटण कुठलं, आवाज कुठला, सगळं दाखवलं. ती "हाव, हाव" करत राहिली. तिचं लक्ष शेंगा सोलण्यात होतं, हे मला दिसत होतं. मनात म्हटलं, झालं, आता आण्णांचं उठणं संपलंच.

नांदेडला परत येताना अहमदपूरच्या पुढे मी चक्क मोठ्याने म्हणाले, "सुटले." ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

दहाएक दिवसांनी वहिनीचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज म्हणाली, "आण्णांचं चांगलं चाललंय ताई. आज सकाळी दहा झाले."

"दहा काय?"

"आवो, तुमचंच की. उठा-बशा."

मला वाटलं थट्टा करतेय. "कुठल्या आवाजावर? बाईच्या की माझ्या?"

"त्या मोबाइलचा आवाज मी बंद केलाय," ती म्हणाली. "लई कटकट करतंय ते. मीच म्हणते, आण्णा, उठा. की उठतात."

"आणि आकडा सांगत नाहीत?"

"सांगतात ना. आज पहिल्यांदा बेचाळीस म्हणाले."

"मग तू काय केलंस?"

"काय करायचं? मी म्हटलं, बेचाळीस. की बसले. परत म्हटलं उठा, उठले. म्हणाले एक्क्याण्णव. मी म्हटलं एक्क्याण्णव. असं दहा वेळा."

वहिनीला कुणी काही म्हणालं की तेच परत म्हणायची सवय आहे. "भाजीत मीठ कमी आहे." "मीठ कमी आहे." "पाऊस येईल." "पाऊस येईल." लग्न झाल्यापासून दादा त्यावरून तिला चिडवतो. आणि मी पाच महिने रंग बदलत बसले होते, तेव्हा हिने शेंगा सोलता सोलता बेचाळीसला बेचाळीस म्हणून माझ्या बापाला दहा वेळा उभं केलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. आधी झाला तो जळफळाट, खोटं कशाला बोलू.

शनिवारी मी लातूर गाठलं. समोर बसून बघितलं. वहिनी म्हणाली, "उठा." आण्णा उठले, "चौऱ्याहत्तर." वहिनी म्हणाली, "चौऱ्याहत्तर." आण्णांनी उजव्या हाताच्या बोटाने हवेत एक रेघ ओढली आणि बसले. ती रेघ मी नांदेडला कधीच बघितली नव्हती, कारण गोष्ट तिथपर्यंत पोचतच नव्हती. माझ्या काही डोक्यात शिरेना. "पण का?" मी म्हटलं. वहिनी म्हणाली, "का ते मला काय ठाव?"

दादा शाळेतून आला तेव्हा आण्णांचं शेवटचं उठणं चालू होतं. दारातच थांबला. "तेहतीस," आण्णा म्हणाले. "तेहतीस," वहिनी म्हणाली. बोटाची रेघ. दादाने चप्पल काढायच्या आधी मला विचारलं, "हेच का ते तुझं, मोजायला चुकतात म्हणालीस ते?"

"हेच."

"अगं येडे," दादा म्हणाला, "फाटक लावून राहिलेत ते."

मग त्याने सांगितलं. सांगता सांगता मलाही आठवत गेलं, पण आधी त्यालाच आठवलं, कारण तो आण्णांबरोबर फाटकावर जास्त राहिलेला. गाडी सोडायच्या आधी स्टेशनातून फाटकावर फोन यायचा, गाडी येतेय, फाटक लावा. आण्णा उठून फाटक लावायचे, कुलूप घालायचे. मग फोनवर सांगायचं की लावलं. पण नुसतं "लावलं" चालत नसे. एका कागदावर उलटसुलट आकडे छापलेले असत, त्यातला पुढचा आकडा सांगायचा. पलीकडून स्टेशनमास्तर तोच आकडा परत म्हणायचे आणि त्यांच्या वहीत लिहायचे. मग आण्णा आपल्या कागदावर त्या आकड्यावर रेघ ओढायचे. पलीकडून आकडा परत आला नाही, तर काम झालं असं समजायचं नाही. जागचं हलायचं नाही. आणि फाटकावरून स्टेशनाला काही कळवलं तर उलट, नंबर मास्तरांनी द्यायचा आणि आण्णांनी परत म्हणायचा.

"तू एकाच उठण्यावर त्यांना पाच महिने उभं केलंस," दादा म्हणाला. तो हसत होता, पण मला ते वाक्य अजून लागतं.

मी आठेक वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुटीत आण्णांचा डबा फाटकावर घेऊन जायचे. आई डोक्यावर ओला रुमाल बांधायची. रुळाच्या कडेने चालत जायचं, खडी पायाला पोळायची. पोचले की आण्णा माझे पाय बादलीत बुडवायचे आणि म्हणायचे, "कशाला आलीस, ऊन लई हाय." रोज हेच. खोलीत भिंतीवर काळा फोन होता. एकदा मी म्हटलं, मला पण बोलू द्या ना. आण्णा कधी नव्हे ते करड्या आवाजात म्हणाले, "हा घरचा फोन न्हाई. इथं फक्त स्टेशन बोलतं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी मला हिरवा झेंडा हातात धरायला दिला. हे सगळं मला आठवत होतं की! बादली आठवत होती, झेंडा आठवत होता. आकडे तेवढे आठवले नाहीत. विसरायचा आजार नेमका कुणाला झालाय, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पडला.

नांदेडला येऊन मी टीमला सगळं सांगितलं. आधी माफी मागितली, कारण दरम्यान ॲप वापरणाऱ्या दुसऱ्या घरांतून तक्रारी आल्या होत्या. त्यांच्या माणसांना मोजणी आवडत होती, "एक, दोन, तीन" म्हटलं की ती उत्साहाने उठायची, आणि तीच मोजणी माझ्या एका मेलमुळे काढली गेली होती. कुणाकुणाचं उठणं मी बंद पाडलं कोण जाणे. मोजणी परत आली. आण्णांसाठी मी एक जादाची सोय मागून घेतली: माणूस आकडा बोलला की ॲपने तो ऐकून परत म्हणायचा. मुख्य बाई म्हणाली, "पण हे तुझ्या वडिलांपुरतंच झालं. दुसऱ्या कुणाचं काय असेल?" तेच तर मला कळत नव्हतं. कुणी शिंपी असेल, कुणी पोस्टमन, कुणी जन्मभर भाकरी थापलेली बाई. प्रत्येकाच्या हातापायांत कसला कागद ठेवलाय, हे विचारायला पडद्यावर कुठलं बटण घालू? मी तसं पडद्यावर एक रिकामी चौकट घालून ठेवलीय, "यांचं काम काय होतं?" भरतात थोडे लोक. पुढे त्याचं काय करायचं, ते अजून चाललंय.

सोय तयार झाली. लातूरला वहिनीने दादाच्या फोनवर मला ऐकायला ठेवलं आणि ॲप उघडलं. ॲप म्हणालं, "उठा." आण्णा उठले, "सोळा." ॲप म्हणालं, "सोळा." इकडे नांदेडला मी फोनवर उड्या मारतेय. आण्णांनी रेघ ओढली, बसले. पुन्हा, पुन्हा. चौथ्या वेळी आण्णांनी उभ्या उभ्या विचारलं, "आज गाडीला उशीर का हाय साहेब?" ॲप गप्प. आकडा नव्हता ना त्यात. आण्णांनी पुन्हा विचारलं. मग वहिनीला म्हणाले, "स्टेशनात माणूस न्हाई. कोणीतरी पोपट बसवलाय." आणि बसले ते बसले.

झालं. माझं सगळं इंजिनीअरिंग पोपटावर येऊन थांबलं. मी हात टेकले आणि ठरवलं, रोज सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी सहाला मीच फोन करायचा. वहिनी तिचा मोबाइल खुर्चीशेजारी ठेवेल, मी "उठा" म्हणेन, आकडा परत म्हणेन. तिला सैपाकाच्या वेळी तेवढीच सवड, आणि मला तेवढाच बाप. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात होतं ते हेच, की रोज वीस वेळा आण्णा माझ्याशी बोलतील.

पहिल्या सकाळी मी म्हटलं, "आण्णा, उठा बरं."

"कोण बोलून राहिलं?"

"मी, आण्णा. तुमची लेक."

मग खुर्ची करकरली, पण उठल्याचा आवाज नाही. आण्णा हळू आवाजात, समजावल्यासारखे बोलले, "बाळ, हा घरचा फोन न्हाई. ठेव. स्टेशनाचा फोन येईल."

बाळ म्हणाले. किती महिन्यांनी ते मला बाळ म्हणाले होते! आणि म्हणूनच उठत नव्हते. मी फोन धरून बसले. मला दोन्ही पाहिजे होतं. त्यांनी मला बाळ म्हणावं आणि उठावंसुद्धा. मी म्हटलं, "आण्णा, मी आहे ना, माझ्यासाठी उठा." काही नाही. वहिनीचा आवाज आला, "ताई, न्हाई उठत ते." संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "उभं राहताना आज पाय लटपटले. मी म्हणू का, उठा?" म्हण म्हणाले असते तर झालंच होतं. पण तिच्या घरी तिची दोन मुलं, दादा, सासरा, सगळ्यांचं ती बघते. हे तरी मी करायला नको का?

चौथ्या सकाळी मी फोन केला. आण्णांनी विचारलं, "कोण बोलून राहिलं?"

मी घसा साफ केला. "स्टेशन," मी म्हटलं. "मुदखेड स्टेशन. गाडी येतेय. उठा, फाटक लावा."

"जी साहेब," आण्णा म्हणाले, आणि खुर्ची वाजली. वहिनी मागून म्हणाली, उठले. "सदुसष्ट."

"सदुसष्ट," मी म्हटलं, आणि समोरच्या वहीत लिहिलं.

तेव्हापासून मी स्टेशन आहे. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. वहीची बरीच पानं भरली. आण्णा आता भिंत न धरता न्हाणीपर्यंत जातात. डॉक्टर खूश आहेत. कुठलं ॲप म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी काय सांगणार, म्हटलं, साधंच आहे. मी रोज वीस वेळा माझ्या बापाशी खोटं बोलते, आणि त्या खोट्यावर तो उभा आहे. हे चांगलं की वाईट, मला विचारू नका.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळचं दहा वेळा उठणं झालं. शेवटचा आकडा मी परत म्हटला, लिहिला, आणि फोन ठेवणार तेवढ्यात आण्णा म्हणाले, "साहेब, एक विनंती हाय."

"बोला."

"घरी एवढा निरोप द्या. पोरीला डबा घेऊन पाठवू नका म्हणावं. ऊन लई हाय, पाय पोळतात तिचे. मी आज उपाशी राहीन, काही होत न्हाई."

मी तो निरोप वहीत लिहायला घेतला. आण्णा थांबले होते. त्यांना वाटलं असणार, फोन बंद पडला.

"साहेब? निरोप घेतला का? नंबर द्या."

माझ्याकडे छापलेला कागद नव्हता. आतापर्यंत आकडा द्यायची पाळी माझ्यावर आलीच नव्हती. मी तोंडाला आला तो दिला. "छत्तीस."

"छत्तीस," आण्णा म्हणाले, आणि बसले.